घर क्रमांक चारचं फडकं

डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला कांजिण्या एक वेळ चुकतील, वक्तृत्व स्पर्धा चुकत नाही. मी प्राथमिक शाळेत असल्यापासून भाषणं ठोकत आले. विषय पाण्याचा असो, मोबाइलचा असो की आईच्या थोरवीचा, माझा साचा ठरलेला: सुरुवातीला दोन ओळींची कविता, मध्ये आवाज कापरा, शेवटी मूठ वर. बक्षिसाच्या ढाली आई दर दसऱ्याला पुसून पुन्हा कपाटावर मांडायची. त्यामुळे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेची सूचना फलकावर लागली तेव्हा सर्वांत आधी मी नाव दिलं. खरं सांगायचं तर संशोधनाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. ठाण्यात मोठं सभागृह होतं, त्यात माइक होता, एवढं मला पुरे होतं.

जोडीने नाव द्यायचं होतं. दोघींपैकी एकीने सकाळी भाषण करायचं, दुसरीने दुपारी पोस्टरपाशी उभं राहून लोकांना समजावून सांगायचं. माझ्या जोडीला आली ती कल्याणजवळच्या मोहन्याची एक मुलगी. वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता ऐकू यायचा, पण प्रॅक्टिकलला तिच्या टेबलावर कधी काही सांडत नसे. आमच्या कॉलेजातल्या जिवाणू उबवायच्या इन्क्युबेटरचं दार नीट लागत नसे, ते सुतळीने बांधायला लागायचं, आणि ती गाठसुद्धा हिच्याइतकी नीट कोणी मारत नव्हतं. वडील इलेक्ट्रिशियन, आई अंगणवाडीत. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबलावर हिची पुस्तकं. शास्त्र शिकणारी त्या घरातली ती पहिलीच.

परिषदेच्या परीक्षकांत ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई होत्या. ज्या मुलांचं काम आवडेल त्यांतल्या एखाददोघांना त्या उन्हाळ्यात आपल्याकडे शिकायला बोलावतात, हे मॅडमनी आम्हाला सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या मार्गदर्शक. त्या दिवशी जिना उतरताना ही एकदम थांबली.

“मला तिथे जायचंय,” ती म्हणाली. “खरी लॅब मी कधी बघितलीच नाहीये गं. एकदा तिथे राहून बघितलं की मला कळेल, पुढे एम.एस्सी. करायचं की नाही ते. नंबर-बिंबर तू घे. मला तेवढं पाहिजे.”

एवढं सलग ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली असेल. मी लगेच तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तू निश्चिंत राहा. भाषण माझ्यावर सोड.” त्यावर ती थोडी काळजीतच पडलेली दिसली.

विषय सापडला तो आमच्याच स्वयंपाकघरात. डोंबिवलीतल्या कोपरच्या आमच्या घरी ती जेवायला आलेली. ओट्याजवळच्या नळाला मटकीचं गाठोडं लटकत होतं. मोड आणायला आपल्याकडे कडधान्य भिजवून फडक्यात बांधतात, तसंच. तिने ते जरा वेळ बघितलं आणि आईला विचारलं, “काकू, हे फडकं तुम्ही कसं धुता?”

“नुसतं खंगाळायचं,” आई म्हणाली. “साबण लावला की मोडांना वास लागतो.”

झालं. तिथेच विषय ठरला. मोड आणायच्या घरोघरच्या फडक्यांत किती जिवाणू असतात, ते मोजायचं. आईने तिला आणखी एक डाव उसळ वाढली. पण तो प्रश्न आईच्या मनात कुठेतरी रुतून बसला असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आम्ही डोंबिवली, कल्याण, मोहने इथली ओळखीची घरं धरली. घरांना नावं न देता क्रमांक दिले. प्रत्येक घरी एक झिपची पिशवी द्यायची आणि सांगायचं, मटकी काढून झाली की फडकं जसंच्या तसं, ओलंच, यात घाला. पुढचं सगळं ती करायची. फडकं शुद्ध पाण्यात खंगाळून त्या पाण्याचे थेंब काचेच्या बशीतल्या जेलीसारख्या थरावर पसरायचे आणि बशी उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जिवाणूंचे ठिपके उगवलेले दिसतात, ते मोजायचे. मी शेजारी उभी राहून भाषणातल्या वाक्यांची जुळवाजुळव करायचे.

बाकी सगळ्या बश्यांवर ठिपके उगवले. घर क्रमांक चारची बशी मात्र कोरी. घर क्रमांक चार म्हणजे आमचं. मी आनंदाने घरी फोन केला, “आई, घर चार म्हणजे आपण! आपलं फडकं सगळ्यांत स्वच्छ!” संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीच्या चारही मजल्यांना ही बातमी कळलेली होती. समोरच्या काकूंनी तर आईला विचारलं म्हणे, तुम्ही कोणती पावडर वापरता?

मैत्रिणीला मात्र आनंद झाला नाही. तिने आईकडून दुसरं फडकं मागवलं. ते मीच पिशवीतून नेऊन दिलं. त्याचीही बशी कोरीच. मग ती स्वतः घरी आली आणि आईला हळूच म्हणाली, “काकू, फडकं तुम्ही धुतलेलं नाही ना?”

“छे गं,” आई म्हणाली. “जसंच्या तसं दिलंय. बस, गरम पोळी वाढते.”

ती बसली, जेवली. दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हणाली, “घर चार काढून टाकूया का?”

माझा पारा चढला. माझ्या आईचा पहिला नंबर, तो काढून टाकायचा? मी तिथल्या तिथे एक छोटं भाषणच केलं. मॅडमनी दोघींनाही गप्प केलं. “कारण असेल तर काढ. कारण काय?” त्यांनी तिला विचारलं. ती खाली बघत राहिली. “मग राहू दे,” मॅडम म्हणाल्या, आणि घर चार तक्त्यात राहिलं.

त्यानंतर माझी तालीम सुरू झाली. पहिल्या तालमीला मी वर्गाच्या मधोमध उभी राहिले, डोळे मिटले आणि अंकुरावरच्या दोन स्वरचित ओळी म्हटल्या. मग हात आकाशाकडे नेऊन विचारलं, “हे फडक्या, तुझ्या धाग्याधाग्यात कोणतं विश्व दडलंय?” मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं. “कीर्तन?”

“प्रस्तावना आहे, मॅडम.”

“प्रस्तावना असू दे, नाहीतर नांदी. आठ मिनिटं आहेत तुला. काय केलं, कसं केलं, काय दिसलं, बस. आणि ते हात आवर.”

हात काही आवरेनात. शेवटी मॅडमनी मला ॲप्रन घालून दोन्ही हात खिशात ठेवायला लावले. खिशात हात घालून भाषण करणं म्हणजे माझ्यासाठी नाक दाबून जेवणं होतं. मूठ वर जायच्या वेळेला खिसा उसवायचा. मैत्रीण शांतपणे सुईदोऱ्याने तो शिवून द्यायची आणि म्हणायची, “परत म्हण. ‘जिवाणू’ म्हणताना ओरडू नको, ते पळून जाणार नाहीयेत.” विनोद करायची ती अशी, तोंडावरची रेष न हलवता.

आईसमोर मी नवं भाषण म्हणून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा पडला. “हे तर बातम्यांसारखं झालं,” ती म्हणाली. “शेवटी एखादी कविता टाक की.” तिला काय सांगणार! पण हळूहळू मला त्या कोरड्या वाक्यांची गोडी लागली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यांत. जे बघितलं तेवढंच.

पोस्टरची वेगळीच तऱ्हा झाली. ते छापायला आम्ही डोंबिवली स्टेशनाजवळच्या एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याचा सगळा धंदा वाढदिवसाच्या आणि नेत्यांच्या स्वागताच्या फलकांचा. आम्ही मजकूर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, तर काय! शीर्षक लाल, त्याला सोनेरी कड. वर डाव्या कोपऱ्यात मॅडमचा फोटो, त्यामागे सूर्याची किरणं. कॉलेजच्या पानावरून त्याने तो शोधून काढलेला. खाली ज्यांचे आभार मानले होते ती सगळी माणसं ‘शुभेच्छुक’ म्हणून ओळीने मांडलेली.

“दादा, हे काय केलंत?” मी किंचाळले.

“ताई, साधं फार मोकळं मोकळं वाटत होतं,” तो म्हणाला. “मार्गदर्शकांचा फोटो नको? वाईट दिसतं ओ. त्यांना राग आला तर?”

किरणं काढायला तो कसाबसा तयार झाला. सोनेरी कड शेवटपर्यंत राहिलीच. ती पाहून मैत्रीण पहिल्यांदा मोठ्याने हसली. त्या पोस्टरवर तिने मांडलेले तक्ते मात्र इतके सुबक होते की, कडेकडे कोणाचं लक्ष जाऊ नये.

परिषदेच्या दिवशी आई ठाण्याला आली. नारायणपेठ नेसून, गजरा माळून, समोरच्या काकूंना सोबत घेऊन. घर चारचा विजय बघायला दोघी थेट पहिल्या रांगेत बसल्या. मैत्रिणीचे आईवडील कामावर होते. ती मागे भिंतीजवळ उभी होती, हातात पोस्टरची गुंडाळी घट्ट धरून. मी व्यासपीठावर जाताना तिने माझ्याकडे बघितलं. थेट, डोळे न हलवता. आजवर मी ढालीसाठी बोलले होते, दुसऱ्या कोणाच्या उन्हाळ्यासाठी नाही.

मी हात खिशात घातले आणि बोलले. कविता नाही, कापरा आवाज नाही. छान झालं. मलाच कळत होतं छान होतंय ते. शेवटचा तक्ता पडद्यावर आला, टाळ्या झाल्या, आणि मी सवयीने खाली उतरायला निघाले. वक्तृत्वात टाळ्यांनंतर काही नसतं. इथे प्रश्न असतात, हे मी टाळ्यांच्या नादात विसरलेच.

“थांबा,” त्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. “घर क्रमांक चार. काहीच वाढ नाही?”

“नाही, मॅडम.”

“नुसतंच खंगाळलेलं फडकं, आणि काहीच वाढ नाही? दोनदा करून?”

“हो.”

“बश्या कोणी लावल्या?”

मी मागे भिंतीकडे हात दाखवला. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“मग दोनच गोष्टी असू शकतात,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. “एक तर बशीवर नमुना टाकायचा राहून गेला. नाहीतर तपासणी न करताच शून्य लिहिलं. दोन्ही वाईट.”

“नमुना टाकलेला, मॅडम,” मैत्रीण म्हणाली. सभागृहात ते जेमतेम ऐकू आलं.

“मग कारण सांग.”

तिने एकदा पहिल्या रांगेकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिचा उन्हाळा माझ्या डोळ्यांदेखत हातातून निसटत होता, आणि मी, एवढ्या ढाली मिळवलेली मी, तोंड उघडून उभी होते. माझ्याकडे कसलीच वाक्यं नव्हती. मला खरोखरच काही माहीत नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची वाजली. आई उभी राहिली होती. काकू तिचा पदर ओढून तिला खाली बसवू बघत होत्या.

“अहो बाई, एक मिनिट,” आई म्हणाली. “पोरीचं काही चुकलेलं नाहीये. घर चार म्हणजे मी.”

माझ्या आईने त्याआधी हळदीकुंकवाच्या उखाण्यापलीकडे चार लोकांत तोंड उघडलेलं मला आठवत नाही. तिचा आवाज कापरा होता, आणि तो मुद्दाम आणलेला नव्हता.

“फडकं पिवळं पडलेलं,” ती सांगू लागली. “हळदीचे डाग. कॉलेजात तपासायला जाणार म्हटल्यावर तसं कसं द्यायचं हो? लोक काय म्हणतील? मी ते उकळलं, नीळ घातली आणि इस्त्री केली. दुसरं मागितलं, तेही तसंच केलं. हिने मला घरी येऊन विचारलेलं. मी खोटं बोलले. आता मोठ्या माणसाला ती तोंडावर खोटं कसं पाडणार? तिचा हात चुकलेला नाही, बाई. चूक माझी आहे.”

एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. आधी कुठूनतरी एक हसू फुटलं, मग सगळं सभागृह हसायला लागलं. वाईट हसणं नव्हतं ते. त्यातल्या निम्म्या बायकांनी आपापलं फडकं असंच दिलं असतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगते, त्या क्षणी आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिला माझ्या सगळ्या ढालींचा मिळूनही वाटला नसेल.

बाई हसल्या नव्हत्या. त्या मैत्रिणीलाच म्हणाल्या, “तुला संशय होता?”

“होता, मॅडम. बाकीची फडकी ओली होती. हे कोरडं होतं, आणि चार घड्या कडक पडलेल्या.”

“मग गप्प का बसलीस? भिडेखातर गप्प बसणारी मुलगी माझ्या लॅबमध्ये काय कामाची?”

हसणं थांबलं. मैत्रिणीने पोस्टरची गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“त्यांच्या घरी जेवत होते, मॅडम,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी आधी नमुना घेईन, मग जेवीन.”

यावर मात्र बाई हसल्या. चष्मा काढून हसल्या.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ज्या तक्त्यातला एक आकडा इस्त्रीतून निघालाय त्याला कोण बक्षीस देणार! दुपारी बाई आमच्या पोस्टरपाशी आल्या, सोनेरी कडेकडे बघून भुवया उंचावल्या, आणि मग बराच वेळ तिच्याशी बोलत राहिल्या. मी दोन पावलं मागे सरकून उभी राहिले. ती बोलत होती, आणि चांगलं बोलत होती. जाताना बाई म्हणाल्या, “घर चार पुन्हा कर. न सांगता जा. आणि जे येईल ते आधी त्या घरच्या बाईंना तोंडावर सांग, मग मला कळव. तेवढं जमलं तर मे महिन्यात ये.”

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी आमची बेल वाजली. दारात ही, पाठीला सॅक, हातात झिपची पिशवी. आईने “ये गं, बस” म्हणायच्या आत ती चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली, नळाचं गाठोडं सोडलं, मटकी ताटात ओतली आणि ओलं फडकं पिशवीत टाकलं. आई तोंडावर हात ठेवून बघत राहिली. पाणीसुद्धा न पिता ती गेली.

दोन दिवसांनी परत आली. या वेळी दारातच उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघून समजले. बशीचा फोटो तिने मला आधी दाखवला. ठिपके मोजायला जागाच नव्हती, एकात एक मिसळलेले.

“कसं सांगू गं?” ती माझ्या कानाशी कुजबुजली.

मला चार-पाच चांगली वाक्यं सुचली होती. मी एकही दिलं नाही. “तूच सांग,” म्हटलं.

आई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. ही जाऊन तिच्यासमोर उभी राहिली. “काकू,” ती म्हणाली, “घर चार सगळ्या घरांत जास्त आलंय. सगळ्यात खराब.”

आईचा हात थांबला. तिची मान ताठ झाली, कान लाल झाले. इमारतीचे चारही मजले तिच्या डोळ्यांपुढून गेले असतील. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, नळाला दोष देईल, महापालिकेच्या पाण्याला देईल. तिने कोथिंबिरीची काडी बाजूला ठेवली आणि हात पुसले.

“मग उभी काय राहिलीस?” ती म्हणाली. “त्या बाईंना लगेच फोन लाव. सांग, घर चार सगळ्यात घाण आहे म्हणून, आणि मला तोंडावर सांगितलंस तेही सांग. तुझी जागा जायला नको.”

मैत्रिणीने तिथेच ओट्याला टेकून फोन लावला. पलीकडून बाईंचा आवाज आला तशी आई तिच्याजवळ सरकली आणि फोनकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “सांगितलं हो तिने!”